बघणारी बंदूक

गड्ड्याच्या यात्रेत ज्यांनी कधी फुगे फोडले आहेत, त्यांना छर्ऱ्याची बंदूक ठाऊक असते. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराची यात्रा भरते. पाळणे, भेळेचे गाडे, बांगड्यांची दुकानं आणि एका कडेला फळीवर ओळीने लावलेले रंगीत फुगे. पैसे द्यायचे, बंदूक खांद्याला लावायची, एक डोळा मिटायचा आणि चाप ओढायचा. होटगीची आम्ही पोरं रेल्वेने किंवा एस.टी.ने तिथे जायचो आणि परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवून उरलेले फुग्यांवर उडवायचो. दिवाळीत मित्रांकडे टिकल्यांचं पिस्तूल असायचं. ईदला ईदीच्या पैशांतून पाण्याचं पिस्तूल यायचं. या साऱ्या बंदुकांमध्ये एक गोष्ट सारखी होती. त्यांच्यातून काहीतरी बाहेर पडायचं. छर्रा, धूर, पाणी, काहीच नाही तर आवाज.

आज ज्या बंदुकीविषयी बोलायचं आहे, तिच्यातून काहीच बाहेर पडत नसे. ती टीव्हीला रोखायची आणि पडद्यावरचं बदक पाडायचं. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम होता, त्यांना ही बंदूक आठवत असेल. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘डक हंट’ हा तो खेळ. आमच्याकडे कंपनीचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि खेळाचंही नव्हतं. आम्ही त्याला ‘बदकाचा गेम’ म्हणत असू.

तो आमच्या घरी आला १९९२ च्या रमजान ईदला. मी नुकताच बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत होतो. धाकटा भाऊ शाळेत होता. स्टेशनाच्या बाजूला एका दुकानात तासाला पाच रुपये देऊन पोरं टीव्हीवर गेम खेळत, आणि भावाची ईदी, खाऊचे पैसे, प्रसंगी दळणातले सुटे पैसेही तिकडे जात. शेवटी अब्बांनी वैतागून डबाच विकत आणला. त्यात दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि एक काळी बंदूक होती. कॅसेटच्या वेष्टनावर हजारो खेळांचा आकडा छापलेला. प्रत्यक्षात पंचवीस-तीस खेळच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने येत. खेळ सुरू झाला नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. ही फुंकर कुणी शिकवली कोण जाणे, पण मुंबईपासून होटगीपर्यंत सगळ्या पोरांना ती येत होती.

हा डबा निन्टेन्डोचा नव्हताच. त्या कंपनीचं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र १९८३ साली जपानात निघालं. त्याच्या नकला तैवान आणि चीनमध्ये तयार होऊन जगभर गेल्या आणि आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी घराघरांत शिरल्या. अस्सल यंत्र भारतातल्या मध्यमवर्गाने फारसं पाहिलंच नाही. नकलेच्या पोटात खेळ मात्र अस्सलच होते. त्यांची चोरी झाली, हे खरं. आणि त्या चोरीमुळेच होटगीसारख्या गावातल्या मुलाला क्योतोमध्ये बनलेला खेळ पाच रुपयांत खेळायला मिळाला, हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी माळा साफ करताना तो डबा सापडला. भावाचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला भारी कौतुक. भिंतीवरच्या पातळ एलईडी टीव्हीला पिवळी आणि पांढरी वायर जोडून त्याने खेळ लावला. चित्र आलं, गवत आलं, कुत्रा हुंगत हुंगत आला, बदक उडालं. मुलाने चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. टीव्हीच्या काचेला नळी टेकवून ओढला, तरी बदक मजेत वर निघून गेलं आणि तो कुत्रा गवतातून तोंड काढून हसला. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना त्या कुत्र्याचा राग आजही येत असेल. ‘‘बडे अब्बा, बंदूक खराब आहे,’’ मुलाने निकाल दिला.

आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. घरी कन्नड, दुकानात सोलापुरी मराठी. बंदूक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. ‘‘बंदूक चांगली आहे की ओ. टीव्ही नवीन आहे म्हणून चालंना. जुना ट्यूबचा टीव्ही ठेवलाय का फुकून टाकला?’’

ठेवला होता. १९९० मध्ये घेतलेला वीस इंची रंगीत टीव्ही मागच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी चादर पांघरून होता. अण्णांनी येऊन मागचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली, एक-दोन ठिकाणी डाग दिला आणि बटण दाबलं. त्या टीव्हीचा चालू होतानाचा बारीक शिट्टीसारखा आवाज मी विसरून गेलो होतो. आधी पडद्यावर मुंग्या आल्या, मग चॅनेल जुळवल्यावर गवत आलं. मुलाने चाप ओढला आणि बदक गोल फिरत खाली पडलं.

असं का झालं, हे मला अण्णांनी समजावलं. नंतर मी स्वतःही थोडं वाचून पाहिलं.

आपण समजत होतो की बंदूक टीव्हीवर काहीतरी सोडते. खरा प्रकार उलटा आहे. प्रकाश टीव्हीतून निघतो आणि बंदुकीत जातो. नळीच्या तोंडाशी एक भिंग आणि त्याच्या मागे उजेड ओळखणारा एक बारीकसा भाग, एवढंच तिच्यात असतं. चाप ओढला की खेळ सगळा पडदा एका चित्रापुरता काळा करतो. लगेच पुढच्या चित्रात बदक जिथे असेल तिथे एक पांढरा चौकोन दाखवतो, बाकी सगळं काळंच. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर एकाचा चौकोन आधी, दुसऱ्याचा नंतर, म्हणजे उजेड कधी दिसला यावरून कोणतं बदक पडलं ते कळतं. आपल्या देशातल्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास वेळा किरण वरून खाली फिरायचा. त्यामुळे हा सारा व्यवहार पापणी लवायच्या आत उरकायचा. आपल्याला फक्त पडदा लुकलुकल्यासारखा वाटे आणि आपण तो गोळीचा जाळ समजत असू. कुणी हुशारी करून नळीपुढे टॉर्च धरली तरी उपयोग नव्हता. काळ्या चित्राच्या वेळी उजेड दिसला की खेळ समजायचा, हे काही बदक नव्हे.

‘‘ही बंदूक नव्हं, डोळा आहे,’’ अण्णा म्हणाले. मी इतकी वर्षं कविता लिहितो, पण हे वाक्य मला सुचलं नसतं.

नव्या टीव्हीवर हे जमत नाही, कारण तिथे किरणच नाही. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये मागून आलेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर एकेक रेघ ओढत जायचा आणि लेप त्या क्षणापुरता उजळायचा. टीव्हीला चित्र मिळालं की ते त्याच क्षणी पडद्यावर असायचं. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी आपल्या हिशेबात बसवून घेतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा जो बारीक तुकडा जातो तो आपल्या डोळ्याला कळत नाही. बंदुकीला कळतो. ती ठरल्या क्षणी बघते, तेव्हा पांढरा चौकोन अजून आलेला नसतो. शिवाय तिच्यातली जुळणी ट्यूबच्या त्या झपाट्याने लुकलुकणाऱ्या उजेडासाठी केलेली, तर नव्या पडद्याचा उजेड संथ.

आता थोडं मागे जाऊ. या बंदुकीचं घराणं माझ्या समजुतीपेक्षा बरंच जुनं निघालं.

शिकागोची सीबर्ग कंपनी पैसे टाकून गाणी वाजवण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होती. तिने १९३६ साली ‘रे-ओ-लाइट’ नावाचा खेळ काढला. एका पेटीत बदक सरकत जायचं आणि ग्राहक लांबून बंदूक रोखायचा. गंमत बघा, त्या बंदुकीतून खरोखर उजेडाची तिरीप निघायची आणि बदकाच्या अंगात उजेड ओळखणारी नळी बसवलेली होती. तिरीप तिच्यावर पडली की बदक पडायचं. म्हणजे १९३६ मध्ये बंदूक आंधळी होती आणि डोळा बदकाला होता. पुढच्या पन्नास वर्षांत कधीतरी तो डोळा बदकाकडून बंदुकीकडे आला.

ही अदलाबदल झाली ती जत्रेत नव्हे, लष्करी कामात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक तयार झाला आणि त्यातून १९५० च्या दशकात ‘सेज’ ही हवाई संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. रडारला दिसणारी विमानं गोल पडद्यावर ठिपक्यांसारखी दिसत. कोणत्या विमानाची माहिती हवी आहे, हे संगणकाला सांगायचं कसं? माऊस अजून जन्माला यायचा होता. तेव्हा समोर बसलेला सैनिक पिस्तुलाच्या आकाराचं एक यंत्र हातात घेई, ते ठिपक्यावर धरी आणि चाप ओढी. तो ठिपका पडद्यावर उमटण्याच्या क्षणी यंत्राला उजेड दिसे, आणि त्या क्षणावरून संगणक ओळखे की विचारणा कोणत्या विमानाबद्दल आहे. चाप होता, पण त्याने विमान पडत नव्हतं. तो फक्त विचारत होता, हा कोण? शीतयुद्धाच्या त्या खोल्यांमधली ही युक्ती आणि आमच्या कोठीशेजारच्या टीव्हीवरची युक्ती, दोन्हींचं मूळ एक आहे.

निन्टेन्डोची वाट वेगळी. ही कंपनी १८८९ साली क्योतोमध्ये सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. सत्तर-ऐंशी वर्षं पत्ते छापून झाल्यावर ती खेळण्यांकडे वळली. तिथे गुनपेई योकोई नावाचा कल्पक माणूस होता. त्याच्याकडे शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा सौरघट विकायला येत. सौरघट म्हणजे उजेड पडला की वीज देणारी चकती, आज आपल्या छपरांवर असते तीच जात. या चकतीचं खेळण्यात काय करता येईल, यावर दोघांचं बोलणं झालं आणि १९७० मध्ये उजेडाची बंदूक बाजारात आली. बंदुकीतून उजेड निघायचा, निशाणावर सौरघट. म्हणजे पुन्हा सीबर्गचीच रीत. पुढे कंपनीने बंद पडू लागलेल्या बोलिंगच्या जागांमध्ये उजेडाच्या बंदुकीने उडत्या तबकड्या पाडण्याचे मोठे खेळ उभारले. १९७३ चं वर्ष होतं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, लोकांनी मौजेवरचा खर्च आवरला, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात रुतली.

इतकं होऊनही बंदुकीचा नाद सुटला नाही. १९७६ मध्ये भिंतीवर बदकाची प्रतिमा पाडून तिला टिपायचं एक घरगुती खेळणं त्यांनी काढलं. त्याचंही नाव ‘डक हंट’च. मधल्या काळात १९७२ मध्ये अमेरिकेत मॅग्नावॉक्सचं ‘ओडिसी’ हे घरगुती गेमचं पहिलं यंत्र निघालं. त्याच्यासाठी वेगळी विकत मिळणारी रायफल टीव्हीतला उजेड बघायची, मात्र तिला दिवा आणि बदक यांतला फरक कळत नसे. विजेच्या बल्बकडे रोखली तरी नेम लागला! ती खोड काढून टाकलेली बंदूक १९८४ मध्ये जपानात ‘डक हंट’ घेऊन आली. फॅमिली कॉम्प्युटर ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला, ते तेच उएमुरा, एके काळी सौरघट विकायला येणारे. २०२१ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी फारसं काही आलं नाही. योकोई त्याआधीच, १९९७ मध्ये, रस्त्यावरच्या अपघातात गेले होते.

जपानातली मूळ बंदूक खऱ्या रिव्हॉल्व्हरसारखी दिसायची. अमेरिकेत तिला करड्या रंगाचं, अंतराळातल्या हत्यारासारखं रूप दिलं. तिथे खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये असा नियम झाल्यावर १९८९ च्या सुमारास ती नारिंगी झाली. आमच्या डब्यातली नक्कल मात्र काळीकुळकुळीत, लांबून पाहणाऱ्याला अगदी खरी वाटावी अशी. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली. त्या दिवसांत भाऊ एकदा ती बंदूक कमरेला खोचून दारात उभा राहिला होता, पोरंसोरं राहतात तसा. अम्मीने त्याला आत ओढलं. काही बोलली नाही. बंदूक काढून घेतली आणि गोधड्यांच्या खाली ठेवून दिली. फेब्रुवारी उलटेपर्यंत बदकांना कुणी हात लावला नाही. अमेरिकेच्या त्या नारिंगी रंगाविषयी मी गेल्या वर्षी वाचलं, तेव्हा मला अम्मीच आठवली.

ज्या टीव्हीवर हे चाललं होतं त्याचाही इतिहास सांगायला हवा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्याकडे रंग आला १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि पाठोपाठ ‘महाभारत’. त्या तीन-चार वर्षांत गावोगाव टीव्ही आले. आमच्याकडे रविवारी सकाळी निम्मी गल्ली असायची. अम्मी चहाचं आधण ठेवून ठेवून थकायची. व्हिडिओकॉनसारखी कंपनी याच लाटेत औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला वाढली. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा सगळा व्यवसाय विकत घेतला. मराठवाड्यातल्या कंपनीने युरोपातले कारखाने घेतले म्हणून त्या वेळी कौतुक झालं. पण जग त्याच सुमारास पातळ पडद्याकडे निघालं होतं. २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणासमोर गेलं. तिच्यावरच्या कर्जाला कारणं अनेक होती. तरी ट्यूबवरचा एवढा मोठा डाव उतरत्या बाजारात लावला गेला, हे मला तरी विसरता येत नाही.

दूरदर्शनची छपरावरच्या अँटेनाला दिसणारी जुन्या पद्धतीची केंद्रंही २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. आमच्या अँटेनाचा बांबू अजून उभा आहे, त्यावर बुलबुल बसतात.

भंगारवाल्याला ट्यूबचा टीव्ही नको असतो. तांब्याच्या वायरी काढून झाल्या की बाकी ओझंच. त्या जाड काचेत शिसं असतं, ती नीट विल्हेवाट लावण्याची गोष्ट आहे आणि तसे नियमही आहेत, पण गावाबाहेर नाल्याच्या कडेला फुटलेल्या ट्यूब मी स्वतः पाहिल्या आहेत. जुनं गाणं नव्या यंत्रावर वाजतं. जुनं पुस्तक पुन्हा छापता येतं. हा खेळसुद्धा आज मोबाइलवर मिळतो, पण तिथे बोटाने बदक दाबायचं असतं, नेम धरायचा नसतो. हौशी लोकांनी अलीकडे कॅमेरा बसवलेल्या बंदुका तयार केल्या आहेत. त्या पडद्याची चौकट बघून हिशेब करतात आणि नव्या टीव्हीवर चालतात, असं वाचलं. चांगलंच आहे. पण ट्यूबचा उजेड बघणारी बंदूक ट्यूब असेपर्यंतच बंदूक आहे. वस्तुसंग्रहालयात ती काचेच्या कपाटात ठेवली तर नुसतं प्लॅस्टिक.

या खेळातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असे. एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने ते बदक आपल्याला उडवता येतं. आमच्या घरी हे भावाने शोधून काढलं. मी नेम धरायचो आणि तो गुपचूप मागे बसून बदक वाकडंतिकडं पळवायचा. कित्येक दिवस मला वाटे, हे यंत्र माझ्यावरच रुसलं आहे. कळल्यावर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण नंतर आम्ही खेळायचो ते असंच, तो बदक आणि मी शिकारी. होटगीच्या तलावावर हिवाळ्यात खरीखुरी बदकं उतरतात. त्यांच्याकडे दोघांनी कधी साधा खडाही भिरकावला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आम्हाला ठाऊक होता म्हणून नव्हे, खरं बदक बघायला बरं वाटतं म्हणून. भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेला. त्याच्या मुलाला मी दुसऱ्या रिमोटचं अजून सांगितलेलं नव्हतं. जुना टीव्ही चालू झाला त्या संध्याकाळी मी मागे बसून बदक उडवलं. चार-पाच नेम चुकल्यावर त्याने मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. बापापेक्षा लवकर कळलं त्याला.

टीव्हीत आता एक दुखणं आहे. चित्र मधूनच आकसतं आणि जळका वास येतो. अण्णांच्या मते एलओटी जायच्या बेतात आहे. ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब तयार करणारा हा भाग. पूर्वी सोलापुरात कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायचा. अण्णांच्या कपाटात आमच्या मॉडेलला बसेल असा एकच शिल्लक आहे, तोही दुसऱ्या टीव्हीतून काढलेला. ‘‘आत्ताच बसवू नका,’’ ते म्हणाले. ‘‘हा पूर्ण जाईपर्यंत चालवा. तो ठेवतो मी तुमच्या नावानं.’’ त्यांनी खोक्यावर बॉलपेनने ‘होटगी’ लिहिलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याला ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायची भीती वाटते, आणि त्यातला विजेचा दाब बघता ती रास्तच आहे. सध्या आम्ही रविवारी अर्धा तासच टीव्ही लावतो. माझा पुतण्या शेजारी पाण्याची बादली नको, वाळूची ठेवा म्हणाला. तो शाळेत शिकला आहे.